पित्तराच्या दिवशीचा पाला

पीएच.डी. झाल्यावर मी ज्या मुलाखती दिल्या त्यातली एकच पाच मिनिटांत आटोपली. तीही पत्र्याच्या शेडमध्ये, चपला बाहेर काढून, पाय चुन्याच्या पाण्यात बुडवून.

गेवराईच्या बाहेर, हायवेपासून जरा आत, एक चॉकी केंद्र आहे. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघतात तेव्हा मुंगीएवढ्या असतात आणि पहिले आठ-दहा दिवस फार नाजूक असतात. तेवढे दिवस त्यांना सांभाळायचं, त्यांची दोनदा कात टाकून झाली की शेतकऱ्यांना वाटायच्या, हे तिथलं काम. केंद्राचे मालक आधी एसटीत कंडक्टर होते. मी झेरॉक्स काढून, लॅमिनेशन करून, क्रमानं लावून नेलेली फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. एक ट्रे पुढं सरकवला. त्यात हजारभर अळ्या कात टाकायला माना वर करून गप्प बसल्या होत्या.

"मॅडम, ह्या कवा उठतील?"

मी चष्मा सारखा केला. "तापमान आणि आर्द्रता लक्षात घेता साधारण चोवीस ते तीस तासांच्या दरम्यान शक्यता आहे, पण जातीनुसार त्यात..."

"उद्या दुपारी पाला तोडायला बायका लावू का नको?"

"ते तसं अवलंबून आहे की..."

"लावू, का नको?"

मला राग आला. माझा राग नाकावर असतो, हे घरचे नेहमी सांगतात आणि मी नेहमी नाकारते. रागाच्या भरात मी म्हणाले, "लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांचा फोन आला. "उठल्या. सोमवारपासून या." माझ्या पदवीबद्दल त्यांनी त्यानंतरही कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले होते, "तुमाला येतंय लई. सांगता न्हाई येत."

बीडच्या एका कॉलेजात मी आठ वर्षं तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास, तेवढ्याच तुम्ही प्राध्यापक. घंटा झाली की संपलं. दर वर्षी पावसाळ्यात नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि मुलाखत घेणारे तेच, आदल्या वर्षी माझ्याच डब्यातली चटणी खाल्लेले. "आपला परिचय करून द्या," असं ते गंभीरपणे म्हणत आणि मी तेवढ्याच गंभीरपणे करून देत असे. विद्यार्थी मला मॅडम म्हणत, ऑफिसातले 'तासिकावाल्या' म्हणत. नावाआधी 'डॉ.' लागलं तेव्हा वडिलांनी दारावर पाटी लावली होती, ती उन्हानं पिवळी पडली तरी मी आपली तासिकावालीच.

माझा प्रबंध रेशमाच्या अळीच्या आतड्यावर होता. एक रोग त्या आतड्यात कसा पसरतो ते मी शोधत होते. त्यासाठी मी हजारो अळ्या उभ्या चिरल्या. पाचव्या अवस्थेचा पाचवा दिवस उजाडला की प्रयोग संपायचा. अळी मेणाच्या पाटीवर, चार टाचण्या, कात्री. आता सांगायला लाज वाटते, पण रेशमाच्या अळीवर पीएच.डी. मिळवलेल्या बाईनं अळीला कोष विणताना एकदाही पाहिलं नव्हतं. तिथपर्यंत माझी एकही अळी जगली नव्हती. व्हायवामध्ये हे मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही कधी मनात आलं नाही.

माझे मार्गदर्शक भले गृहस्थ होते. त्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: ठाम बोलायचं नाही. ठाम बोलणारा पकडला जातो. म्हणून माझ्या प्रबंधात प्रत्येक पानावर 'असे दिसून येते', 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' आणि शेवटी अर्थातच 'अधिक संशोधनाची गरज आहे'. ही भाषा माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की आईनं "चहा घेणार का?" विचारलं तरी मी "तसा चालेल" म्हणायची.

चॉकी केंद्रात माझं काम असं होतं: अळ्या शेतकऱ्याच्या घरी गेल्या की पुढचे तीन आठवडे तिथं जाऊन पाहायचं, काय करायचं ते सांगायचं, काही बिघडलं तर सावरायचं. उमापूरच्या बाजूची गावं माझ्याकडे आली. सकाळी बीडहून एसटीनं गेवराई, तिथून केंद्राची स्कूटी, आणि दोन्ही बाजूंना कापूस.

त्यातल्या एका वस्तीवर एक घर नवीनच या धंद्यात आलं होतं. नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. घरामागं पत्र्याची शेड, बाजूंना हिरवी जाळी, आत लोखंडी अँगलचे रॅक, रॅकच्या पायांशी मुंग्या चढू नयेत म्हणून राखेचं कडं. सगळं इतकं नीट होतं की मला संशय आला, हे कुणीतरी शिकून केलंय. नवरा म्हणाला, "हिनं मोबाइलवर बगून केलं." ही म्हणजे त्याची बायको, तिशीतली, हडकुळी, हातावर उसाच्या पाचटानं कापल्याचे पांढरे वण. मी अळ्यांचे ट्रे तिच्या हाती दिले तेव्हा तिनं ते आधी रॅकवर ठेवले नाहीत. छातीशी धरून उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्यांनी कोष केले तर यंदा आमचा कोयता घरी."

आमच्या जिल्ह्यात ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला कोयता म्हणतात. दोन माणसं मिळून एक कोयता. दसरा झाला की ऊसतोडीचे मुकादम ट्रॅक्टर भरतात आणि आष्टीपासून गेवराईपर्यंत गावंच्या गावं रिकामी होतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. ह्या दोघांनी लग्न झाल्यापासून एकही साल चुकवलेलं नव्हतं.

"मी माज्या दारात दिवाळी बगितलीच न्हाई," ती म्हणाली. "आत्याबाई एकट्याच पणती लावत्यात."

तिच्या आत्याबाई, म्हणजे सासू, उंबऱ्यात बसून माझ्याकडं बारीक डोळ्यांनी पाहत होत्या. मालकांनी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की डॉक्टर मॅडम येतील.

"डॉक्टर हाव? कशाच्या?"

"अळ्यांच्या," मी म्हणाले.

त्यांनी ट्रेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मंग सुई कुठंशी टोचता?"

पहिले चार दिवस छान गेले. अळ्या खात होत्या, वाढत होत्या, सून दिवसातून दोनदा फोटो पाठवत होती. मग तिसऱ्या कातीची वेळ आली. कात टाकायच्या आधी अळी खाणं बंद करते. मान वर उचलते आणि तशीच थांबते, दिवसभर, कधी त्याहून जास्त. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मेली, नाहीतर रुसली. आत मात्र ती जुनं कातडं सोडवत असते. तोंडाचा भागसुद्धा नवा घडत असतो. इकडचे लोक म्हणतात, अळ्या बसल्या. बसल्या की पाला बंद.

सासूबाई माझ्यामागून शेडमध्ये आल्या, वाकून पाहत राहिल्या. "कावून खात न्हाईत?"

मी सांगितलं. एक दिवस काही खाणार नाहीत, उपाशी राहतील.

"एकादशीलाबी फराळ असतो, माय. ह्यांना तेबी न्हाई?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्या बाईनं स्वतः बारा महिने उपास काढलेले असतात तिला उपाशी बसलेला जीव बघवत नाही. हे आतड्यावरच्या कुठल्याच पुस्तकात नसतं.

निघताना सुनेनं मला दारात गाठलं. "पाला द्यायचा का न्हाई, तेवढं सांगा."

आणि मी काय सांगावं? "सर्वसाधारणपणे देऊ नये. जवळपास सगळ्या उठेपर्यंत थांबावं. तशा काही आधी उठतात, त्यांना भूक लागलेली असते. थोडा पाला दिला म्हणून लगेच नुकसान होईलच असं नाही, पण वाढीत फरक पडण्याची शक्यता असते."

"म्हंजी द्यायचा न्हाई."

"शक्यतो," मी म्हणाले आणि स्कूटीला किक मारली. उंबऱ्यात बसून सासूबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पित्तर होतं. भाद्रपदातला पंधरवडा चालू होता, त्या तिथीला सासरे वारलेले. मला जेवायला बोलावलं होतं. दुपारी पोचले तर अंगणात भावकीतल्या सात-आठ बायका, चुलीवर आमटी, कढईत वडे. पत्र्यावर कावळ्यासाठी पान ठेवलेलं, आणि नवरा खाली उभा राहून वर बघत होता. कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मी म्हणाले, आधी अळ्या बघते, मग जेवते.

शेडचं दार उघडलं आणि मला तुतीचा ताजा वास आला. ज्या शेडमध्ये त्या दिवशी पानाचा वाससुद्धा असायला नको होता तिथं रॅकवर हिरवा पाला पसरला होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. ज्या अळ्या आधी उठल्या होत्या त्या पाल्यावर चढून खात होत्या. ज्या अजून बसलेल्या होत्या त्या त्याच पाल्याखाली, दमटपणात, दबून पडल्या होत्या. बसलेल्या अळीला कोरडं लागतं, वारा लागतो. आणि उठलेल्यांनी आत्ता खाल्लं म्हणजे त्या पुढं जाणार, बाकीच्या मागं राहणार. पुढं अर्ध्या कोष करायला निघणार तेव्हा अर्ध्या खातच असणार; एकाच बिछान्यात दोन्ही असल्या की घाण साठते, रोग येतो, आणि हाताला काही लागत नाही. तो रोग कसा येतो ते मला पेशीपर्यंत माहीत होतं. त्याचीच मला पदवी मिळाली होती.

"कुणी घातला?" मी ओरडलेच.

बाहेरचा गलबला थांबला. सून धावत आली, आत बघितलं आणि दाराची चौकट धरून खाली बसली. तिच्यामागून सासूबाई आल्या. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"मी घातला. सकाळच्या पारी. कावळ्याला ठिवलं, गाईला दिलं, कुत्र्यालाबी टाकलं. पित्तराच्या दिशी दारात कुणी उपाशी ऱ्हाऊ न्हाई. मंग ह्या जीवांनी काय पाप केलंय? आन् तुमीच म्हनलात, थोडा घातला तर काय व्हत न्हाई."

मी तसं म्हणाले नव्हते. पण मी 'घालू नका' असंही म्हणाले नव्हते. ठाम बोलणारा पकडला जातो म्हणतात. त्या दुपारी मी ठाम न बोलल्यामुळे पकडली गेले.

"गेली का बॅच?" सुनेनं विचारलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. "खरं सांगा. गेली असली तर मुकादमाला कळवते."

मी मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी हितून बगू शकतो का? तुमी तिथं हाव. फेकायची का ठिवायची, ते त्यास्नी सांगा," आणि फोन ठेवून दिला. मला त्यांचाही राग आला. मग थोडा वेळ मी त्या रॅकपुढं नुसती उभी राहिले, रागावण्यासाठी आणखी कुणी मिळतंय का बघत. कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा मला माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आठवलं. 'प्रयोगासाठी एकसमान वयाच्या अळ्या निवडण्यात आल्या.' बस, एवढं एक वाक्य. कुणा परीक्षकानं त्यावर बोट ठेवलं नाही. पण त्या एका वाक्यामागं माझी जवळजवळ तीन वर्षं गेली होती. अळ्या कधीच एकसमान नसतात. काही आधी उठतात, काही मागं राहतात, आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर प्रयोगच होत नाही. प्रयोगशाळेत मी जाळी टाकून, वर पान ठेवून, उठलेल्या तेवढ्या अलगद उचलून घ्यायची, पुन्हा जाळी, पुन्हा पान. तेव्हा मला ते हमाली वाटायचं. खरं शास्त्र म्हणजे कात्री आणि सूक्ष्मदर्शक, अशी माझी समजूत होती.

"टाकायची नाही," मी म्हणाले. "जाळ्या आणा."

जाळ्या नव्हत्या. नवऱ्यानं मच्छरदाणी आणली, ती मी परत पाठवली. तिला डास मारायचं औषध लावलेलं असतं. मग सूनच उठली. शेजारच्या वस्तीवर कांद्याच्या जाळीदार गोण्या होत्या, कोऱ्या, नव्या कांद्यासाठी आणलेल्या. तिनं त्या आणल्या, धुतल्या, विळीवर उभ्या फाडल्या. बरोबर अळी वर येईल एवढी भोकं. विद्यापीठाच्या जाळीहून चांगली.

आधी हातानं वरचा पाला हलका केला, दमट भागावर चुन्याची भुकटी भुरभुरली. मग गोणी पसरायची, तिच्यावर कोवळी पानं, आणि थांबायचं. जी उठलेली आहे ती भुकेनं जाळीतून वर येते. जी बसलेली आहे ती खालीच राहते. अर्ध्या तासानं चार कोपऱ्यांना धरून गोणी उचलायची आणि पलीकडच्या रॅकवर न्यायची. हे पुन्हा पुन्हा, एकेका रॅकला. दोघा-तिघांचं कामच नव्हतं ते. म्हणून पित्तर जेवायला आलेल्या बायका पदर खोचून आत आल्या. सून दारात साबण घेऊन उभी राहिली. एका चुलतसासूच्या बोटाला मिश्रीचा वास येत होता. तंबाखूचा नुसता हात लागला तरी अळी मरते. सुनेनं त्यांना तीनदा हात धुवायला लावले, चौथ्यांदा हुंगून बघितलं आणि मग आत सोडलं. चुलतसासू म्हणाल्या, "लग्नात न्हाई एवढं बगितलं माज्या हाताला."

दुपारचं पित्तर आम्ही दिवे लागायच्या वेळी जेवलो. आमटी गार, वडे वातड. सासूबाई आमच्या सगळ्यांनंतर बसल्या. पहिला घास हातात घेऊन म्हणाल्या, "कुणी उपाशी ऱ्हाऊ न्हाई म्हनून केलं, आन् समद्या गावाला उपाशी ठिवलं." मग त्या रडल्या. सून त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. खा आता." तिच्या आवाजात राग नव्हता असं नाही. पण तिनं वर तूप वाढलं.

निघताना या वेळी मी एकेक वाक्य मोजून बोलले. "ह्या रॅकला सकाळी सातला पाला. त्या रॅकला मी येईपर्यंत एक पान नाही." सुनेनं मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "मी दारात बसते. मलाच राखणीला ठिवा."

सकाळी पोचले तर त्या खरंच शेडच्या दारात, गोधडी गुंडाळून बसलेल्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत मागे राहिलेल्या अळ्या एकेक करून उठत होत्या. मी खाली बसले. एका अळीच्या तोंडावरची जुनी टोपी सुटून बाजूला पडली, अंगावरचं कातडं मागं मागं सरकत गेलं आणि ती नवी, थोडी ओली, चुरगळलेली बाहेर आली. थोडा वेळ थांबली, जसं काय आपण कुठं आलो ते आठवतेय. मग मान इकडेतिकडे फिरवून पान शोधू लागली. मी हे आधी पाहिलेलं होतं, पण घड्याळ आणि वही हातात धरून. सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. त्या दोनच शब्द बोलल्या, "आरं देवा."

त्यानंतर अळ्यांनी जी खायला सुरुवात केली! चौथी कात झाली, तिला कुणी पान दाखवलं नाही. मग पाचवी अवस्था, शेवटची. नवरा पहाटेपासून तुतीच्या फांद्या तोडायचा, सून पसरायची, आणि अळ्या बोटाएवढ्या होत तो ढीग बघता बघता फस्त करायच्या. शेडमध्ये डोळे मिटून उभं राहिलं की सुपात सावकाश बाजरी घोळावी तसा आवाज, थांबत नाही, कमी होत नाही. हजारो तोंडं, आणि त्यातलं एकही बोलत नाही. मी प्रयोगशाळेत एका वेळी वीस अळ्या पाहिलेल्या; वीस अळ्यांचा आवाज येत नाही.

त्याच दिवसांत कॉलेजातून फोन आला. पावसाळ्यात दिलेल्या अर्जावर तासिकेची ऑर्डर निघाली होती, येऊन सही करायची होती. मी म्हणाले, उद्या फोन करून कळवते. दुसऱ्या दिवशी पाचव्या अवस्थेचा पाचवा दिवस होता. मी रॅकपुढं उभी राहून हात मागं बांधले. इथून पुढचं मला माहीत नव्हतं. सहावा दिवस उजाडला, अळ्या जिवंत होत्या. सातवा. कॉलेजला फोन करायचा राहिला हे मला चार दिवसांनी आठवलं, तेही गेवराईच्या स्टँडवर बसची वाट बघताना, आणि मग मी तो केलाच नाही.

नवरात्राच्या मधल्या एका सकाळी त्यांनी खाणं सोडलं. पुढं असलेल्या रॅकनं आधी, मागच्यानं दुसऱ्या दिवशी. अंग शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार झालं, आणि त्या माना वर करून काहीतरी शोधू लागल्या. आम्ही प्लास्टिकच्या चंद्रिका टाकल्या, ज्यांच्या खाचांत अळी कोष करते. त्या चढल्या. एकेकीनं आपली जागा धरली. तोंडातून एक धागा काढला, इथं चिकटवला, तिथं चिकटवला, आणि मान हलवू लागली. आठाच्या आकड्यासारखी, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, न थांबता. दुपारपर्यंत तिच्याभोवती धुकं झालं. तरी आत मान हलताना दिसत होती. संध्याकाळी धुक्याचा पडदा झाला, आणि मग दिसेनाशी झाली.

आतड्याच्या कडेनं जी रेशमाची ग्रंथी जाते, जिच्यातून हा धागा येतो, ती मी किती वेळा चिमट्यानं बाजूला सारली होती. आतडं नीट दिसावं म्हणून. मला रडू आलं. रडायचं काही कारण नव्हतं, आणि मला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, पण आलं.

"आता तरी जेवतील का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आता आयुष्यात परत कधीच जेवणार नाहीत. यातून पाखरू निघालं तरी ते काही खात नाही."

"मंग पोटभर घातलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुढचं विचारलं, की पाखरू निघतं का. मी तेही सांगितलं. कोष बाजारात जातात, धागा अखंड राहावा म्हणून पाखरू निघायच्या आत उकळत्या पाण्यात पडतात. काही गुळमुळीत बोलले नाही. त्या उठून घरात गेल्या आणि त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

खंडेनवमीला कोष काढले. घरातल्या हत्यारांची पूजा त्या दिवशी असते. देवाजवळ दोन कोयते, घासून, कुंकू लावून ठेवलेले. अंगणात ताडपत्रीवर कोषांचा पांढरा ढीग. सून एकेक उचलून कानाशी हलवायची, आतला कोशित, म्हणजे पाखरू व्हायच्या आधीचा किडा, खुळखुळला की पुढं टाकायची. दोन्ही रॅकचे कोष सारखे होते. मुकादम आला तेव्हा आम्ही सगळे तिथंच बसलो होतो.

"काय बे," तो नवऱ्याला म्हणाला, "गाडी परवा हाय. येताय न्हवं?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं.

"मॅडम, पुढची बॅच निगंल का?"

मला पुढच्या बॅचबद्दल काय माहीत असणार होतं? थंडी वाढली तर, शेजारच्या कापसावरची फवारणी तुतीवर आली तर, पाला कमी पडला तर. अशा शंभर गोष्टी मी एका दमात सांगू शकत होते आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. पण परवा गाडी होती. तिच्या हातात एक कोष तसाच धरलेला होता.

"निघेल," मी म्हणाले. "दर कातीला मी इथं असेन."

"न्हाई येत आमी," ती मुकादमाला म्हणाली. एवढंच. तो गेला. ती परत कोष हलवायला लागली. ती बॅच निघाली. त्यानंतरची एक अर्धीच निघाली, आणि त्या वेळी तिनं मला ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. दिवाळीला मात्र तिनं दारात इतक्या पणत्या लावल्या की नवरा म्हणाला, तेल काय इहिरीतून काढायचंय का?

यंदा भाद्रपदात त्यांच्याकडे पुन्हा पित्तराला गेले. शेडमध्ये नवी बॅच बसलेली होती, पाल्याचा वास नव्हता. नवरा बांधावर तुती छाटत होता, देवघरातल्याच दोन कोयत्यांपैकी एकानं. सासूबाई पत्र्याखाली पान घेऊन उभ्या होत्या. भात, वडा, खीर. कमरेच्या पिशवीतून त्यांनी तुतीचं एक कोवळं पान काढलं, पदराला पुसलं आणि घासाच्या शेजारी ठेवलं.

"तुमच्या शास्त्रात चालतं का हे?" त्यांनी मला विचारलं. "गेल्या सालच्यांसाठी हाय."

"चालतं," मी म्हणाले.